चार बोटं रिबीन

टाचणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण तीस वर्षं शिवणयंत्रावर बसलेली, गळ्यापाशी कायम चारसहा टाचण्या खोचलेल्या, बोलतानाही एखादी ओठांत धरलेली. अशा बाईला गल्लीने दुसरं काय म्हणावं? नवरा लवकर गेला. तिने पडदे शिवले, गणवेश शिवले, उशांचे अभ्रे शिवले आणि एक मुलगी वाढवली. मुलगी पाच वर्षांची असताना यंत्राखालच्या चिंध्या हवेत फिरवत गिरक्या घ्यायची. समोरच्या व्यायामशाळेत संगीतावरचं जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या मॅडमनी ते पाहिलं आणि तिला मागून घेतलं. आईला वाटलं, चला, संध्याकाळचे दोन तास घर तरी शांत राहील.

ते दोन तास अठरा वर्षं चालले. रिंग, चेंडू, मुगदलासारखे क्लब आणि काठीला बांधलेली रिबीन या चार साधनांपलीकडे मायलेकींना जग उरलं नाही. पोरीचा प्रत्येक पोशाख आईच्या हातचा, एकेक खडा हाताने टाचलेला. पाठीचा हूक ऐनवेळी निसटू नये म्हणून पोशाख अंगावर चढला की मानेमागे ती दोन टाके घालायची, आणि खेळ संपला की कापायची. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला पोर मानेला हात लावू देत नसे.

आता ही मोठी स्पर्धा. धावणारे, पोहणारे, कुस्तीवाले, सगळ्या देशांची माणसं एकाच जेवणघरात. मॅडमनी संघाची शिंपीण म्हणून टाचणीबाईचा पास काढला होता. बाईने तिथे ताटापेक्षा लोकांच्या शिवणीच जास्त पाहिल्या. "एवढा मोठा देश आणि बाह्यांची टीप बघा कशी वाकडी!" असं ती पोरीच्या कानात म्हणाली, तेव्हा पोर हसली. त्या स्पर्धेतलं तिचं ते शेवटचं हसू.

स्पर्धाही शेवटचीच, कारण पोरीची पाठ संपत आली होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, यंदा खेळून घे, पुढच्या वर्षी विसर. पहिल्या आठजणी अंतिम फेरीत जाणार होत्या. तीन साधनं झाली तेव्हा पोर सातवी होती. फक्त रिबीन उरली होती.

आणि रिबीन नापास झाली.

सरावाच्या हॉलमध्ये तपासणीच्या टेबलावर एक बाई प्रत्येकीची रिबीन ताणून मोजत होती. सहा मीटरपेक्षा कमी चालत नाही. जास्त ठेवली तर जड होते, म्हणून मॅडमनी ती सहाच्या आत नाही आणि बाहेर नाही अशी बेतायला लावली होती. मोजणाऱ्या बाईने मान हलवली आणि चार बोटं दाखवली. चार बोटं कमी.

"असं कसं होईल? परवा मी स्वतः मोजलीय," मॅडम म्हणाल्या.

पोरीने रिबिनीचं टोक हातात घेतलं. टोकाला बारीक, सुबक दुमड होती. त्या हातशिलाईवर तिचा अख्खा जन्म गेला होता. तिने वळून पाहिलं.

"आई, तू हात लावलास हिला?"

टाचणीबाईने त्या दुमडीकडे पाहिलं. काल दुपारी पोर अंघोळीला गेली होती. रिबीन पलंगावर पडलेली, टोकाचे धागे सुटलेले. तिने काही विचार केला नव्हता हो! सुटे धागे दिसले, कात्री हाताशी होती. कापलं, दुमडलं, दात लावून दोरा तोडला. रोज शंभर वेळा करते तेच केलं.

"टोक उसवलं होतं गं," ती म्हणाली.

"दुसरी रिबीन काढा," मॅडम ओरडल्या. दुसरी होती, पण सरावाची. मागे फाटली तेव्हा टाचणीबाईनेच मधोमध सांधलेली. सांधलेली रिबीन तपासणीत चालत नाही.

वीस मिनिटं उरली होती. टाचणीबाई तिथेच फरशीवर बसली. काठीकडचा भाग मजबुतीसाठी दुहेरी घडी घालून शिवलेला असतो. ती घडी उसवून आखूड केली तर चार बोटं निघणार होती. ती सुईच्या टोकाने टाके उचकटू लागली. सुई दोनदा बोटात गेली. रक्ताचा डाग रिबिनीला लागू नये म्हणून तिने बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने ओढत राहिली. पोर डोक्याशी उभी होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रिबीन पास झाली. बरोबर सहा मीटर.

गजर झाला, संगीत सुरू झालं. पहिलं मिनिट पोर सुंदर खेळली. मग उंच फेक, गिरकी, झेल, आणि रिबीन स्वतःभोवतीच गुंडाळली. गाठ! आखूड घडीमुळे काठी हाताला वेगळी लागली, की पोरीचा जीवच थाऱ्यावर नव्हता, देव जाणे. पोर गाठ सोडवायला लागली. ओढू नकोस, ढिली कर, बाळा, ढिली कर. कडेला उभ्या टाचणीबाईची बोटं आपोआप हवेत हलू लागली. पोरीने गाठ ढिलीच केली, लहानपणी आईने दोऱ्यावर शिकवली होती तशी. सुटली. पण संगीत तोवर पुढे निघून गेलं होतं.

नववी आली.

कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. पोर बाकावर बसली होती, टाचणीबाई दाराशी उभी.

"माझ्यामुळे झालं ना?" तिने विचारलं. पोरीने नाही म्हणावं, एवढीच तिची आशा होती.

"हो," पोर म्हणाली.

मग पोरीने पाठ वळवली आणि केस पुढे घेतले. "टाके काप. श्वास घेववत नाही मला."

टाचणीबाईने पिशवीतून कात्री काढली. कात्रीकडे पाहिलं. परत पिशवीत ठेवली. ती पोरीच्या मागे गुडघ्यांवर बसली आणि तिच्या घामेजल्या मानेशी तोंड नेऊन ते दोन टाके दातांनी तोडू लागली.