दाजींना ट्रॅकवर नेलं तेव्हा

आमच्या भावकीत एकच जमीन अशी होती, जिच्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण ती कुणालाच नको होती. आष्टी सोडून नगरच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला उघडा माळ दिसतो, तो आमचा. तिथं हुलगेसुद्धा धड येत नसत. पुण्याच्या एका बड्या माणसानं तो घेतला आणि त्यावर गाड्या पळवायचा ट्रॅक बांधला, तेव्हा गावानं त्याला वेड्यात काढलं. काळा गुळगुळीत रस्ता, अकरा वळणं, आणि जातो कुठंच नाही. निघाला तिथंच परत येतो. "हे कामून करायलेत रे?" असं लोक कुंपणाशी उभं राहून एकमेकांना विचारायचे आणि तासन्‌तास बघत बसायचे.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सौदा करताना एक तोंडी अट घातली होती: आमच्या पोराला गाडी शिकवायची. मालकानं ती पाळली. ट्रॅक रिकामा असला की मी जायचो. तिथं एक लाल गाडी होती, दोनच माणसं बसतील अशी, इंजिन पाठीमागं, जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायचं म्हणजे न्हाणीच्या टाक्यात उतरल्यासारखं. तिथल्या कोचनं पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट सांगितली. ब्रेक सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. वळणात पाय ब्रेककडे गेला की गाडी तुझी राहिली नाही. ती गोष्ट अंगात मुरायला मला वर्ष लागलं. मुरली त्या दिवसापासून मी बदललो. मला काही येत नाही असं आयुष्यभर ऐकलेला माणूस मी; वकिली अर्धवट सोडली, दुकान बुडवलं. या एका कामात मी चांगला होतो आणि ते मला फार चढलं होतं.

माझी धाकटी बहीण सिरसाळ्याला दिली आहे. घर चांगलं, आडतीचं मोठं दुकान, माणसं मानाची. दाजी मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. ताटावर बसले की भाजीवरून सुरू व्हायचे आणि बहिणीवर येऊन थांबायचे. "तुमच्या पोरीला अजून भाकर थापता येत न्हाई, आण्णा. शिकवलं काय मग?" असं आमच्याच घरात, आमच्याच आईच्या हातची भाकरी मोडत म्हणायचे. अण्णा हसायचे. जावई हा दहावा ग्रह, त्याची शांत करायची असते, त्याला उत्तर द्यायचं नसतं, असं अण्णांचं मत. माझं मत वेगळं होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं.

गेल्या धोंड्याच्या महिन्यात त्यांना रीतसर बोलावलं. पुरणाचे धोंडे झाले, तेहतीस अनारसे झाले, अण्णांनी आणि आईनं त्यांचे पाय धुतले. बदामी रंगाचा शर्ट-पँटचा आहेर आईनं खास बीडहून शिवून आणला होता आणि त्यांनी तो लगेच अंगात घातला. अंगठीची डबी पुढं केली तर त्यांनी ती बोटानं मागं सारली. म्हणाले, "हे राहू द्या. मला तुमच्या ट्रॅकवरची ती लाल गाडी चालवायची हाय. सिरसाळ्यावरनं बीड मी तासाभरात गाठतो. बघू तर तुमची गाडी काय म्हणते."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही म्हणायची सोय नसते. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी मालकाला फोन लावला.

निघायच्या आधी बहीण मला मागच्या दारी घेऊन गेली. हाताला पुरण तसंच होतं. म्हणाली, "दादा, त्यांला हसू नकोस. कुणाला हसू बी देऊ नकोस."

"मी कशाला हसतोय?"

"मागच्या खेपेला तू त्यांला पत्त्यात हरवलंस. घरी गेल्यावर बावीस दिवस ते माझ्याशी बोलले न्हाईत. घरात कुणालाच बोलू दिलं न्हाई. सासूबाई बी खुणेनं सांगायच्या, मीठ दे, पाणी दे. हात उचलत न्हाईत ते, पण मला वाटायचं मारलं असतं तर बरं. तू हर त्यांच्यापुढं. तुझं काय जातंय?"

मी म्हटलं, "हरतो, बास." तिनं दोन्ही हात माझ्या गालांना लावले आणि पुरण लागलं म्हणून हसली. तिला त्या खेपेला हसताना मी तेवढं एकदाच बघितलं.

दोन जीपा भरून आम्ही ट्रॅकवर गेलो. पावसाळ्याचे दिवस, पण आष्टीकडचा पावसाळा. वर ढग आणि खाली फुफाटा. काका, दोन चुलतभाऊ, आई, बहीण, सगळे कठड्याशी उभे राहिले. अण्णांनी चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ट्रॅकवरच नारळ फोडला. कोच धावत आला, करवंटीचे तुकडे टायर फाडतील म्हणाला, आणि दोन माणसांनी झाडू मारेपर्यंत दाजी हेल्मेट घालून आत घामेजत बसले. कोचनं शेजारी बसून त्यांना सगळं समजावलं आणि तो उतरला. दाजी मान हलवत होते. मी ती मान ओळखतो. ऐकून न घेणाऱ्या माणसाची मान फार जोरात हलते.

गाडी सुटली आणि पहिल्याच वळणाला हॉर्न वाजला.

रिकामा ट्रॅक, समोरून काही येणं शक्य नाही, चिटपाखरू नाही, आणि दाजी प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवत होते. आपल्याकडच्या रस्त्यांवर जन्मलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडं जातो, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण चौथ्या वळणाला एक चुलतभाऊ हसला, मग काका हसले, आणि मग मी हसलो. बहिणीनं माझ्याकडं बघितलं. मी तोंड फिरवून हसलो. सातव्या वळणात दाजींनी भर मध्यात ब्रेक दाबला, गाडी गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडानं खडीत जाऊन रुतली. ट्रॅक्टर लावून ओढून काढावी लागली.

दाजी चालत परत आले. नाचता येईना अंगण वाकडं. म्हणाले, "गाडीत दम न्हाई. तुमच्या घरचा माल सगळा असाच. वरून रंग, चालवायला घेतलं की कळतं." आणि हे म्हणताना त्यांनी बहिणीकडं बोट केलं. नुसतं बघितलं असतं तरी मी गिळलं असतं. बोट केलं.

मी म्हटलं, "दाजी, बसा शेजारी. दम हाय का न्हाई ते बघू."

कोचनं गाडी तपासली, खडी झाडली, मला परवानगी दिली. दाजींना नाही म्हणता येईना, सगळे बघत होते. मी त्यांचा पट्टा स्वतः आवळला. थोडा जास्तच आवळला.

पहिली फेरी मी नीट चालवली. हे खरं आहे. दाजी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते आणि मला वाटलं, एक फेरी पुरे, उतरवू. मग सरळ रस्ता आला, मी पाय खाली दाबला, आणि शेजारून एक बारीक आवाज आला. कोकराचा असतो तसा. तो आवाज मला इतका आवडला की तो अजून एकदा ऐकायचा होता.

दुसऱ्या फेरीत मी ब्रेक उशिरा लावायला लागलो. वळणाआधी फलक असतात, किती अंतर उरलंय ते सांगणारे; शेवटचा फलक मागं गेल्यावर मी पाय उचलायचो. दाजींचं डोकं पुढं आदळायचं, मग वळणात दाराकडं, मग गाडी सुटली की मागं. "बास," ते म्हणाले. "बास आता." सातव्या वळणाला, त्यांच्याच वळणाला, मी गाडीचं शेपूट मुद्दाम थोडं सुटू दिलं आणि सावरलं. त्यांनी माझा दंड धरला. मी झटकला.

कठड्यासमोरून गेलो तेव्हा बहीण सगळ्यांच्या पुढं येऊन उभी होती. तिनं दोन्ही हात वर केले होते आणि ती ते हलवत होती. त्या वेगातही माणूस स्पष्ट दिसतो. नजर लांब ठेवायची सवय लागलेली असते. तिची हिरवी साडी दिसली, हात दिसले, तोंड उघडं दिसलं. मी पाय अजून खाली दाबला.

"थांबव," दाजी म्हणाले. "पाया पडतो तुझ्या, थांबव." नंतर मी सगळ्यांना सांगितलं की हेल्मेटमध्ये ऐकू येत नाही. ते खोटं आहे. सगळं ऐकू येतं. मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो. ताटावरचं एकेक वाक्य आठवत होतं आणि एकेका वळणावर मी ते वसूल करत होतो. सगळं बहिणीसाठी चाललंय, असंही मी मनाशी म्हणालो. तिसरी फेरी पूर्ण केली, आणि चौथी पण.

गाडी थांबली तरी दाजी उतरेनात. चुलतभावानं दार उघडून हात दिला. ते उभे राहिले आणि सगळ्यांना दिसलं. बदामी पँट पुढून पार गुडघ्यापर्यंत भिजून काळपट झाली होती.

तरी मी गप्प बसू शकलो असतो. मी म्हटलं, "आई, आहेर धुवायला लागतोय गं."

काकांना हसू फुटलं. चुलतभाऊ खाली बसून हसले. आईनं तोंडाला पदर लावला, आणि तो रडण्यासाठी की हसण्यासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. अण्णांनी गळ्यातलं उपरणं काढून दाजींच्या कमरेला गुंडाळलं, लहान मुलाला गुंडाळावं तसं, आणि त्यानं ते अजूनच वाईट दिसलं. बहीण जागची हलली नाही. हात मात्र खाली आले होते.

संध्याकाळी दाजींनी अनारशांचं ताट घेतलं, अण्णांच्या पाया पडले, माझ्याशी हस्तांदोलन केलं. "लई भारी चालवता, मेव्हणं," म्हणाले. दोघं रात्री मुक्कामाला राहणार होते, ते तेव्हाच निघाले.

त्यानंतर बहिणीचा फोन लागेना. राखी आली, पण आडतीच्या दुकानातल्या नोकराच्या हातची अक्षरं होती पाकिटावर. भाऊबीजेला ती आली नाही. अण्णा म्हणाले, "तू जा. माफी माग, अन् तिला चार दिवस घेऊन ये." दिवाळी उलटून गेली होती, ऊसतोडीची माणसं कारखान्यांकडं निघून गेली होती, वाटेतली गावं निम्मी रिकामी होती. मी माफीची वाक्यं जुळवत सिरसाळ्याला पोचलो.

दाजींनी दारात येऊन माझी पिशवी घेतली. चहा झाला, फरसाण झालं. मी माफीचं काढलं तर त्यांनी हात केला. "झालं गेलं. आपण पाव्हणे. चला, नवी गाडी घेतली हाय, चक्कर मारून आणतो." मग आत बघून म्हणाले, "ये गं, तू बी."

मोठी पांढरी गाडी होती. बहीण त्यांच्या शेजारी बसली, मी मागं. परळीच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी गाडी सावकाश नेली. मग त्यांनी पाय दाबला.

तो रस्ता काही ट्रॅक नव्हे. उसानं फुगलेले ट्रॅक्टर, एकामागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, कडेनं शाळेतून सुटलेली पोरं. दाजी ट्रॉलीला खेटून गाडी बाहेर काढायचे, समोरून ट्रक यायचा, आणि शेवटच्या क्षणी आत घुसायचे. या खेपेला हॉर्न एकदाही वाजवला नाही. मला ब्रेक कुठं लावायचा ते प्रत्येक वेळी कळत होतं आणि पायाखाली काही नव्हतं. मी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. "दाजी, सावकाश." त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "दाजी, थांबवा." गाडी अजून पळाली.

बहिणीचे हात मांडीवर होते. तिनं काहीच धरलं नव्हतं. डोळे मिटले होते आणि चेहरा देवळात बसल्यासारखा होता.

एका पानटपरीपाशी त्यांनी गाडी थांबवली आणि उतरून गेले. मी पुढं वाकून म्हटलं, "हे रोज असं चालतं?"

"रोज न्हाई. माहेरचा विषय निघाला की."

"उतर. आत्ता चल माझ्याबरोबर. एसटीनं जाऊ."

ती म्हणाली, "तू सीट धरू नकोस, दादा. त्यांला आरशात दिसतं. धरलं की अजून पळवतात."

"मी काय सांगतोय तुला? चल घरी."

तिनं पहिल्यांदा वळून माझ्याकडं बघितलं. ती बारीक झाली होती, पण डोळे तेच. "त्या दिवशी मी हात वर केलते. तुला दिसलं होतं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. सगळ्यांना ऐकू येत नाही सांगितलं, तसंच दिसत नाही.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

"मग कुणाच्या घरी चल म्हणतोस?" ती म्हणाली, आणि पुढं तोंड करून बसली.

दाजी तीन पानं घेऊन आले. एक त्यांनी तिला दिलं, एक मला. मी ते तोंडात घातलं, आणि गाडी सुरू झाल्यावर हात मांडीवर ठेवले.