गर्जेबाईंचं मैदान

आमच्या कारखान्याच्या गावात बिनसाखरेचा चहा मागणारी एकच बाई होती, आणि तिला मधुमेह नव्हता. पाहुण्याच्या कपात चमचाभर साखर जास्त घालणं हा आमच्याकडचा मान. सभासदांना सवलतीची साखर मिळते, ती घरात पोत्यानं पडलेली असते, मग हात आखडता कशाला घ्यायचा? अशा घरात जाऊन प्रयाग गर्जे शांतपणे सांगायच्या, "माझ्या चहात साखर टाकू नका." घरधनीण दुखावलेली दिसली की वर म्हणायच्या, "साखर पोत्यातच लई चांगली दिसती, वहिनी." मी शाळेत मराठी शिकवायचो, त्या खेळ शिकवायच्या. त्यांच्यासोबत कुठं चहाला गेलं की त्यांच्या वाटची साखरही माझ्याच कपात पडायची.

बाई उंच, सावळ्या, साडीवर कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या. आवाज असा, की प्रार्थनेच्या वेळी भोंगा बंद पडला तरी आमचं काही अडत नसे. खेळाचा तास म्हणजे इतरांचा राहिलेला अभ्यासक्रम उरकायची जागा, असं बहुतेक शिक्षकांना वाटायचं. गणिताच्या सरांनी एकदा त्यांचा तास मागितला. बाई म्हणाल्या, "माझा तास अजून मेला न्हाई, सर. त्याचा तेरावा घालू नका." सरांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

मी सांगतोय ते वर्ष दुष्काळाचं. शाळेचं मैदान जनावरांच्या छावणीला दिलेलं होतं. मैदान रस्त्याला लागून; बीडहून येणाऱ्या-जाणाऱ्या पुढाऱ्यांना छावणी गाडीतूनच दिसावी, हा चेअरमनसाहेबांचा हिशोब. कारखाना त्यांचा आणि शाळेची संस्थाही त्यांचीच, त्यामुळे विचारायचं कुणी आणि कुणाला? दावणी पडल्या, कडब्याच्या गंजी लागल्या आणि खेळाचा तास वर्गात सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारण्यात जाऊ लागला.

अशात वरून परिपत्रक आलं. मुलांमधला लठ्ठपणा रोखा. शाळेच्या फाटकाजवळ तळलेलं आणि पाकिटातलं विकू देऊ नका. मुलांची वजनं घ्या. आम्ही शिक्षकांच्या खोलीत पोट धरून हसलो. ज्या जिल्ह्यातली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांमागं ऊसतोडीला जातात आणि हाडं घेऊन परत येतात, तिथं लठ्ठपणा! बाई हसल्या नाहीत. कॉलनीतली, म्हणजे कारखान्याच्या क्वार्टरमधली मुलं जिना चढताना धापा टाकतात हे त्यांनी कधीच पाहिलं होतं. तोडीवरून आलेली पोरंही डब्याऐवजी पाकीटच फोडतात, हेही त्यांना दिसत होतं. "हाडं दिसू द्या न्हाई तर गाल दिसू द्या," त्या म्हणाल्या, "दोगांच्या बी पोटात तेच पाकीट हाय."

त्यांनी फाटकाजवळची टपरी उठवली. टपरीवाला चार दिवस रुसला आणि मग एसटीच्या थांब्याशेजारी उभा राहिला. तिथं त्याचा धंदा आणखी वाढला, कारण आता पोरं शाळेला लवकर निघत. बाईंनी ते लपवलं नाही. "आपुन टपरी हलवली, सर," त्या म्हणाल्या. "पोरांची जीभ जागच्या जागीच हाय."

मग वजनं घ्यायची ठरली. आमच्याकडं वजन करणं म्हणजे पुकारणं. कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी चढली की आकडा ओरडून सांगतात, गावाचे कान त्याला सरावलेले. दवाखान्यातून काटा आणला, व्हरांड्यात ठेवला, लिहून घेणारे सर पार दुसऱ्या टोकाला सावलीत बसले. बाई एकेका मुलाला काट्यावर चढवत आणि त्या खणखणीत आवाजात आकडा पुकारत. त्यात काही गैर आहे असं आमच्यातल्या कुणाच्याही मनात आलं नाही. आठवीतल्या ऋतुजाचा आकडा पुकारला गेला आणि रांगेतून कुणीतरी म्हणालं, "डबल ट्रेलर." सगळी शाळा हसली. ऋतुजा दुसऱ्या दिवशी आली नाही, त्या आठवड्यातही आली नाही.

तिचे वडील कारखान्यात क्लार्क होते. बाई मला घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेल्या. पोरगी आतल्या खोलीतून बाहेर आलीच नाही. आई मात्र दारात उभी राहून बोलली. ऋतुजाला मामाकडं पाठवायचं चाललं होतं. तिथं शाळेचं पुढं बघू, नाहीतर स्थळं बघू.

"पोरगी खो-खो खेळायची तवा तिला कुनी तोललं न्हाई, बाई," आई म्हणाली. "मैदान तुमी ढोरांना दिलं. पोरगी टीव्हीपुढं बसली. आन आता गावासमोर वजन पुकारता?"

परतताना बाई म्हणाल्या, "चूक माझी हाय. उसाच्या गाडीला लाज नसती, सर. पोरीला असती." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरात कारखान्याची सर्वसाधारण सभा भरली. वडिलांचा शेअर बाईंच्या नावावर झालेला होता, त्यामुळे त्या सभासद होत्या. पण बायका सभेला येत नसत. त्या आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. एकेक विषय "मंजूर, मंजूर" करत उरकला. ऐनवेळच्या विषयांना त्या उठल्या.

"चेअरमनसाहेब, यंदा कारखाना चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "मग ऊसगाड्यांचा तळ रिकामा कावून ठेवलाय? तिथं लिंबाची सावली हाय, हौद हाय. ढोरं तिकडं न्या आन मैदान पोरांला द्या."

मांडवातली सगळी डोकी चेअरमनसाहेबांकडं वळली. शेतात ऊस नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण कारखाना बंद राहणार हे वाक्य तोवर एकाही तोंडातून निघालं नव्हतं. चेअरमन प्रत्येक भाषणात यंदा मोळी पडणारच, गाळप सुरू होणारच म्हणत, आणि कामगार त्या शब्दावर दिवस काढत होते. तळावर जनावरं बांधणं म्हणजे गाड्या येणार नाहीत हे कबूल करणं. चेअरमनसाहेबांनी टोपी सारखी केली, विचार करू म्हणाले आणि राष्ट्रगीत सुरू करायला लावलं.

पण सावली आणि हौद हे शब्द छावणीतल्या शेतकऱ्यांनी ऐकले होते. त्यांनीच मागणी लावून धरली आणि जनावरं तळावर गेली. पाठोपाठ बाईंच्या बदलीचा हुकूम आला: संस्थेची शिरूर कासारकडची शाळा, चालू सत्र संपताच.

उरलेल्या दिवसांत बाईंनी पोरांना घेऊन मैदानातलं शेण उचललं आणि दगड वेचले. काटा दवाखान्यात परत केला. ऋतुजाच्या घरी निरोप धाडला, की आता वजन न्हाई, नुसता खेळ हाय. ती आली, पण कडेला ओढणी सावरत बसून राहिली. बाईंनी तिला एकदाही ऊठ म्हटलं नाही. असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस गडी कमी पडला म्हणून मुलींनीच तिला ओढून नेलं.

त्या वर्षाच्या अहवालात टपरी हटवल्याबद्दल आणि वजनं घेतल्याबद्दल आमच्या शाळेचं कौतुक झालं. मैदानाबद्दल वरून कुणी काही विचारलंच नाही. पोरांची वजनं उतरली का, ते मला सांगता येणार नाही. धापा टाकत जिना चढणारी पोरं आता चढताना बोलायला लागली होती, एवढं मी ऐकलं.

बाई निघाल्या त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांची ट्रंक घेऊन थांब्यापर्यंत गेलो. मैदानावर खो-खो रंगला होता. ऋतुजा खांबापाशी उभी होती, केस विस्कटलेले, अंगभर धूळ, आणि मी बाद न्हाई म्हणून पंच झालेल्या पोरीशी तावातावानं भांडत होती. आपल्याकडं कोण बघतंय याची तिला शुद्ध नव्हती.

"हाक मारू का तिला?" मी विचारलं. बाई इतक्या लांब चालल्या होत्या, पोरीनं निदान पाया पडावं, असं मला वाटत होतं.

"नको, सर," बाई म्हणाल्या. "डाव चालू हाय."