कापणीनंतरची धार

सकाळचे साडेसात. गॅसवर दूध, ओट्यावर डब्यांची झाकणं आणि जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे बावीस विळे. मी शिकवते त्या शाळेच्या सुगीच्या कार्यक्रमात तिसरीची मुलं ते हातात घेऊन नाचणार होती. मी पात्यांना चंदेरी कागद चिकटवत होते आणि आमचे हे चहाचा कप ठेवायला जागा शोधत होते.

"या घरात माणसांनी जेवायचं की कापणी करायची?" त्यांनी विचारलं आणि तेवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कुणीतरी मुठीने बडवत होतं.

दारात धारवाले काका होते. एका हातात शाळेचा कागद, काखेत गाठोडं.

काका गल्लीच्या टोकाला राहतात. वय पंच्याहत्तर, पण मनगट अजून दोरखंडासारखं. वडिलांची लोहाराची भट्टी कधीच विझली. धारेचा दगड मात्र ते रोज फिरवतात. कात्री असो की सुरी, त्यांचा एक प्रश्न ठरलेला. "काय कापायचंय?" उत्तर मिळाल्याशिवाय दगड फिरवायच्या पायडलवर पाय ठेवत नाहीत. एकदा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याची जीभ." बायका खो-खो हसल्या. काकांनी सुरी तशीच परत दिली आणि दुकानाची फळी लावून घेतली. म्हाताऱ्याला विनोद कळत नाही, असं ठरवून आम्ही मोकळ्या झालो. आठवडाभर आमच्याकडे टोमॅटो कापले नाहीत, चिरडले.

"हे तुम्ही लिहिलंत, सूनबाई?"

लिहिलं होतं मीच. सुगीच्या सुट्टीआधी मुलांना परंपरेची माहिती म्हणून शाळा एक पान वाटते. यंदा ते काम मोठ्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलं होतं. मी लिहिलं होतं : कापणी संपली की सगळे आपापले विळे रंगीत कापडात गुंडाळून लोहाराच्या घरी ठेवतात, कारण वर्षभर राबलेल्या अवजारांनाही विश्रांती हवी. शेवटी एक ओळ होती. परंपरा जपणाऱ्या धारवाल्या काकांना उद्या मुलं हार घालतील.

काकांची नजर टेबलावर गेली. त्यांनी एक पुठ्ठ्याचा विळा उचलला आणि मधोमध फाडला. मग दुसरा. मग तिसरा. चंदेरी कागदाच्या चिंध्या फरशीवर पडल्या.

"अहो काका, मुलांचं आहे ते!" हे ओरडले.

"मुलांचं आहे म्हणूनच."

त्यांनी गाठोडं सोडलं. आत एक खरा विळा होता, एका चिंधीत गुंडाळलेला. चिंधी वाळक्या कातड्यासारखी कडक झाली होती, तपकिरी-काळी.

"हे तुमचं रंगीत कापड," काका म्हणाले. "तान्ह्या बाळाचं दुपटं आहे. पांढरं होतं. रंग कशाचा तेही लिहा की."

मी गॅस बंद केला. ह्यांनी खुर्ची पुढे सरकवली. काका बसले नाहीत.

छप्पन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा इथे वरची वस्ती आणि खालची वस्ती होती, दोघींत मिळून एकच खळं. शेवटची पेंढी खळ्यावर नेण्याचा मान एका वर्षी वरच्यांचा, एका वर्षी खालच्यांचा. ज्यांची पेंढी, त्यांची मळणी आधी. पण आदल्या वर्षी पीकच आलं नव्हतं. ती पाळी खालच्यांची होती. खालचे म्हणाले, पेंढीच नव्हती तर आमची पाळी झाली कुठे? वरचे म्हणाले, वर्ष गेलं म्हणजे पाळी गेली.

"एवढ्यासाठी?" हे म्हणाले.

"एवढ्यासाठी," काका म्हणाले. "तुम्ही पार्किंगसाठी भांडता ना, तसं."

ह्यांनी चहाच्या कपात पाहिलं.

खळ्यावर आधी शिव्या झाल्या, मग ढेकळं, मग काठ्या. आणि मग कुणीतरी कमरेचा विळा काढला. काका सांगत होते आणि त्यांचा हात हवेत त्या त्या जागा दाखवत होता. एकाचा कान उडून धान्याच्या राशीत पडला. एकाची चार बोटं तुटून पडली आणि तो ती शोधत रांगत होता. एकाचं पोट उघडलं. तो ते दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या घरापर्यंत चालत गेला आणि उंबऱ्यावर पडला. बायका किंचाळत मध्ये शिरल्या, त्यांनाही लागलं. पोरं बांधावरून बघत होती. तिसरीतल्या पोरांएवढीच.

"आम्ही ना वरचे, ना खालचे. माझा थोरला भाऊ सोडवायला मध्ये पडला. मागून कुणीतरी त्याच्या मानेत विळा अडकवला आणि ओढला. पेंढी कापताना ओढतात ना, अगदी तसा. एकच झटका. तो माझ्याकडे बघत गुडघ्यावर बसला. मी हाताने मान दाबून धरली. बोटांमधून रक्त येतच राहिलं, थांबेचना."

तीन माणसं मेली. संध्याकाळी बायकांनीच घराघरांतून विळे गोळा केले, हाताला लागेल त्या कपड्यात गुंडाळले आणि लोहाराच्या दारात आणून फेकले. पुढचं पीक उभं राहीपर्यंत ठेवा म्हणाल्या. भावाच्या मानेतला विळा वहिनींनी आपल्या मांडीवरच्या बाळाच्या दुपट्यात गुंडाळला.

"ही तुमची विश्रांती," काका म्हणाले.

मी ते पान घेतलं आणि फाडलं. "तुम्हीच सांगा मुलांना. बोटं आणि पोट वगळून सांगा, पण खरं सांगा. मोठ्या बाईंचं मी बघते."

"सांगीन. हार मात्र नको." ते घुटमळले. मग पहिल्यांदाच खाली बसले. "सूनबाई, विळ्याचं तुम्हाला काय ठाऊक? अख्खी कापणी झाली की विळा लाटण्यासारखा बोथट होतो. बोथट विळ्याने सूज येते, चामडं फाटतं. मान कापली जात नाही."

"मग कापली कशी?" मी विचारलं.

"आमच्यात नेम होता, शेवटची पेंढी बांधली की धार लावायची नाही. भांडणाच्या आदल्या दिवशी बाप तापाने पडलेला. मी एकोणीस वर्षांचा. दोन्ही वस्त्यांतून माणसं आली, गवत कापायचंय म्हणाली. मला पहिल्यांदाच कुणी 'उस्ताद' म्हटलं. एकेकाचा विळा घेऊन मी हातावरचे केस उडवून दाखवत होतो. तेवीस विळे! सगळ्यांनाच एका दिवशी गवत कसं कापायचं होतं, हे मी विचारलं नाही."

म्हणजे "काय कापायचंय?" हे त्यासाठी. मला सासूबाईंचा विनोद आठवला.

"घरी माहीत आहे?" मी हळूच विचारलं.

"बापाला कळलं होतं. तो कुणाला न सांगताच वारला. वहिनींना वाटतं, विळे कापणीपासूनच धारदार होते." काकांनी लग्न केलं नाही. भावाचा मुलगा त्यांनीच वाढवला. ते दुपट्यातलं बाळ आता आजोबा झालंय. "छप्पन वर्षं त्या मला आधी वाढतात आणि मग स्वतः जेवतात. भावजींचं पान आधी, म्हणतात."

"मग मुलांना धारेचं सांगू नका. भांडणाचं सांगा. तेवढंही खरंच आहे."

"अर्धं खरं तुम्हीही लिहिलंच होतं की," काका म्हणाले. "आमची धाकटी नात तिसरीतच आहे. उद्या मी वर्गात बोलणार आणि ती जेवताना पणजीसमोर सगळं सांगणार. वहिनींनी ते पोरीच्या तोंडून ऐकायचं?"

"नाही. आजच सांगा. तुम्ही स्वतः."

"तीनदा उठलोय त्यासाठी. एकदा पुतण्याच्या लग्नाच्या वेळी, एकदा त्या आजारी होत्या तेव्हा आणि आज पहाटे. त्या विचारतात, काय हवंय भावजी? आणि मी पाणी मागून परत येतो."

त्यांनी विळा पुन्हा त्या चिंधीत गुंडाळला, गाठ मारली आणि उठले. दाराशी जाऊन थांबले.

"सूनबाई, माझ्याबरोबर घरी चला. काही बोलू नका. माझं सांगून होईपर्यंत फक्त दारात उभ्या राहा, मला बाहेर येऊ देऊ नका."