छातीवरचा दिवा

माझ्या नवऱ्याला काटकसरीचं वेड आहे. बँकेने मुंबईहून टोकियोला पाठवलं तरी ते सुटलं नाही. तिथल्या ओजिमा भागातल्या एवढ्याशा घरात मी स्वयंपाकघरातून बाहेर पडते न पडते तोच मागून दिवा बंद झालेला असतो.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या मंडळींबरोबर तो उत्तरेकडच्या एका डोंगरगावी स्कीइंगला गेला. आखलेल्या उतारांवर नाही, मागच्या रानात, जिथे लिफ्ट नाही की पहारा नाही. पूर्वी त्या वाटांनी गावातले शिकारी लाकडी स्की बांधून जात. मीही सोबत गेले, खानावळीत स्टोव्हपाशी बसायला.

रानाच्या फाटकापर्यंत मी पोचवायला गेले. तिथे वाट दाखवणाऱ्या म्होरक्याने प्रत्येकाच्या छातीवर बांधलेलं, सतत खुणेचा संदेश पाठवणारं यंत्र तपासलं. एकेक जण समोरून गेला की म्होरक्याच्या हातातलं यंत्र वाजायचं. कोणी बर्फाखाली गाडला गेला तर बाकीचे याच आवाजाच्या मागाने त्याला शोधतात. परत येईपर्यंत बंद करायचं नाही, असं त्याने बजावलं. नवऱ्याने मान डोलावली. त्याची मान कशालाही डोलते.

खानावळीच्या मालकीणबाईंनी दुपारी त्याच्यासाठी गरम भाताचा वाडगा झाकून ठेवला. डोंगरात गेलेल्या माणसासाठी त्यांच्या सासूबाईही ठेवत. झाकणाला आतून पाणी सुटलं, की माणूस सुखरूप. गरम भातावर पाणी सुटणारच, हे काय मला कळत नव्हतं? तरी मी पुन्हा पुन्हा झाकण उचलून पाहत राहिले. शेवटी उचललं तेव्हा ते कोरडं होतं. तेवढ्यात डोंगराकडून धप्प असा आवाज आला, लांब कुठे पोती टाकल्यासारखा. मालकीणबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं.

अंधार पडायच्या आत सगळे परतले. त्यांच्या अगदी शेजारचा बर्फाचा अख्खा उतार म्होरक्याची काठी घेऊन खाली घसरला होता. दारातच सगळ्यांनी छातीवरची यंत्रं काढली आणि एकेकाने लुकलुकणारा दिवा बंद केला. नवऱ्याच्या यंत्रावर बंद करायला दिवाच नव्हता.

कधी बंद केलंस, असं मी विचारलं.

"फाटक ओलांडल्यावर. सगळे एकत्रच तर होतो. म्हटलं, बॅटरी वाचेल."

मालकीणबाईंनी तो गार भात त्याच्यापुढे ठेवला. त्याने वाडग्यात एक शीतही मागे ठेवलं नाही.

ओजिमाच्या घरात तो अजून दिवे बंद करतो. मी मागोमाग जाऊन ते लावते. तो ते पुन्हा बंद करत नाही.