तिसरी डवरणी

किन्हीराजा गावच्या जिजाबाईच्या वावरात ना विहीर, ना बोअर. तरी दरवर्षी दसऱ्याच्या आसपास ती ज्वारी पेरते आणि त्या बाबतीत कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आजूबाजूला सगळा हरभरा, त्यावर स्प्रिंकलर फिरतात. जिजाबाईची भिस्त काळ्या मातीत मुरलेल्या ओलाव्यावर.

डिसेंबरात तिनं सायकल डवरा, म्हणजे हाताचं एकचाकी कोळपं, काढला आणि ज्वारीच्या तासांमधून तिसऱ्यांदा ढकलायला लागली. धुऱ्यापलीकडं, बांधाला लागून असलेल्या हरभऱ्यात, शेजारी पुंजाजी स्प्रिंकलरचे पाईप बदलत होता. त्याला हसू आवरेना.

"वयनी, वावरात गवताची काडी नाही. कायले माती उकरून राह्यल्या?"

"गवतासाठी नाही, भेगा बुजवून राह्यली. भेग उघडी ठेवली का सारी वल उडून जाते."

"त्यापरीस माह्या विहिरीचं पाणी घ्या. पाईप टाकून देतो."

"तुमचं पाणी तुमाले लखलाभ," म्हणत तिनं डवरा पुढं रेटला.

पुंजाजीनं ही गंमत पारावर रंगवून सांगितली. संक्रांतीपर्यंत अख्खं गाव तिला भेगावाली म्हणत होतं.

एप्रिलात जिजाबाईच्या अंगणात ज्वारीच्या कडब्याची गंजी उभी होती. पुंजाजीकडचं हरभऱ्याचं कुटार, म्हणजे भुसा, कधीच संपलं होतं, आणि त्याच्या बैलांच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येत होत्या. एका सकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. नजर गंजीवर खिळलेली.

जिजाबाईनं गंजीवरून पेंढ्या ओढल्या आणि त्याच्या पायाशी टाकल्या.

"न्या. बैल काही मले हासले नव्हते."