अंगठ्यांचा कागद

मी एक कागद दडवला होता, हे तीस वर्षे कुणालाही सांगितले नाही.

परवा मतदानाला सुगंधाकाकू माझ्यापुढे होत्या. त्यांनी अंगठा उमटवला. शाईचा वास आला आणि भूकंपानंतरची पत्र्याची शेड आठवली. नवी घरे बायकांच्याही नावे करा, या अर्जावर काकूंनी बायकांचे अंगठे घेतले होते आणि तो पोहोचवायला माझ्याकडे दिला होता. अंगठे अडाणी दिसतील, या शिकलेपणाच्या गर्वाने मी तो लातूरच्या कचेरीत दिलाच नाही, हरवला म्हणालो.

"हरवू दे की! अंगठे हायेत ना हाताला?" म्हणत काकू बायकांसह कचेरीच्या दारात बसल्या, मागणी मान्य झाल्यावरच उठल्या. पुढच्या निवडणुकीत त्याच बायकांनी त्यांना सरपंच केले.

"आजी, सही येत नाही?" केंद्रावरच्या कारकुनाने विचारले.

"अंगठ्यानंच गाव चालवलं, साहेब!"

साऱ्या रांगेदेखत मी म्हणालो, "काकू, तो कागद मीच दडवला होता. मला माफ करा."