पद्माकरने बसवलेली ऊब

पद्माकर मुळात हिशोबी माणूस. नागपूरचा, औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर, डब्लिनजवळ ओंगारला स्वतःचं घर. घर तापवणारा गॅसचा बॉयलर काढून त्याजागी विजेवर चालणारा हीट पंप बसवावा का, एवढा साधा प्रश्न. पण या पठ्ठ्याने त्यावर तीन हिवाळे घालवले! विजेचं युनिट गॅसच्या तिप्पट महाग, पण पंप एका युनिटात तीन युनिटांची ऊब देतो, म्हणजे फिट्टंफाट. मग भिंतींना अस्तर लावायचा खर्च, मग सरकारी अनुदान. दर रविवारी कॉम्प्युटरवर नवा तक्ता. आणि शेजारी त्याची बायको, विभावरी, दोन स्वेटर घालून बसलेली. निर्णय होईपर्यंत बॉयलर जपून वापरायचा, असं त्याचं म्हणणं. तिची बोटं सुजायची, कणीक मळवत नसे. तिने दोनदा सांगून पाहिलं, मग सांगायचंच सोडून दिलं. नोव्हेंबरात बहिणीकडे नागपूरला गेली ती गेलीच.

तेव्हा कुठे साहेबांना जाग आली. नवं वर्ष उजाडायच्या आत पंप बसला. आता घर गरम आहे, ये, एवढंच त्याला तिला सांगायचं होतं.

पण सवय जाते होय? जन्मभराचं गीझरचं वळण: आंघोळीआधी लावा, झाली की बंद करा. पंपही तसाच. कामावरून आला की चालू, जेवण झालं की बंद. घर तापायचं नावच घेईना, वर बिल चढलेलं. व्हिडिओ कॉलवर हा कानटोपी घालून सांगे, घर कसं मस्त उबदार झालंय. ती ऐकून घेई. फोन ठेवला की घर खायला उठे. एकटा पडलाय बिचारा, आणि स्वतःच्याच कर्माने.

फेब्रुवारीत तापाने आडवा झाला. खाली जाऊन पंप बंद करायचंही त्राण नव्हतं, आणि बंद करायला दुसरं होतं कोण? पडून राहिला. एका सकाळी जाग आली तर पांघरूण लाथाडलेलं. थर्मामीटर लावला, ताप नव्हता. घरच गरम होतं. हे यंत्र मंद आचेवर सतत चालू ठेवायचं असतं, हे इंजिनिअरसाहेबांना तेव्हा कळलं.

त्याने लगेच विभावरीला फोन लावला. अनवाणी फिरून सगळ्या खोल्या दाखवल्या, जिना दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं. खोटं काय बोललो, तेही सांगून टाकलं. इतक्या दिवसांनी ती मनापासून हसली.

"छान झालं रे," ती म्हणाली. "जीव लागून राहिला होता, तू तिथे गारठतोयस म्हणून. आता मला तुझी काळजी नाही. निवांत राहीन इथे."

तुझं एप्रिलचं परतीचं तिकीट काढू का, हे त्याच्या अगदी ओठांवर होतं. ते त्याला विचारता आलं नाही.